गाढवाच्या नांगरापासून सोन्याच्या नांगरापर्यंत



गेल्या वर्षी उत्सवानंतरची जी सर्वसाधारण सभा झाली, तिला जे हजर होते त्यांना आठवत असेल की हिशेब मंजूर व्हायला पाच मिनिटे लागली आणि पुढचे दोन तास एकाच विषयावर गेले. आपला उत्सव मध्य दिल्लीत, जिथे तो सुरू झाला तिथेच ठेवायचा, की नोएडा किंवा गुरगावच्या एखाद्या हॉलमध्ये न्यायचा? दोन्ही बाजूंनी म्हणणे रास्त होते. एके काळी आपली बहुतेक कुटुंबे गोल मार्केटच्या आसपासच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, पहाडगंजात, करोल बागेत राहायची. आरतीची घंटा वाजली की मुले चपला न घालता धावत यायची. आता कोणी द्वारकेला, कोणी इंदिरापुरमला, कोणी फरीदाबादला. संध्याकाळच्या आरतीला यायचे तर दीड तास गाडीत. साहजिकच मंडपात खुर्च्या जास्त आणि माणसे कमी. मूळ जागेभोवती आता कचेऱ्या आहेत, दुकाने आहेत, मेट्रो आहे. राहणारी माणसे मात्र उरलेली नाहीत.

ही केवळ आपल्याच मंडळाची रड नाही. जनगणनेचे आकडे पाहिले तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत नवी दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास एक पंचमांशाने घटली आणि मध्य दिल्ली जिल्ह्याची सुमारे दहा टक्क्यांनी. त्याच काळात गुरगाव आणि गौतम बुद्ध नगर मात्र भराभर फुगत गेले. कनॉट प्लेस बांधले तेव्हा खाली दुकाने आणि वर राहती घरे अशीच योजना होती. आज तिथे दिवे पुष्कळ दिसतात, पण वरच्या मजल्यावरून कुकरची शिटी ऐकू येत नाही. शहराच्या पोटातली वस्ती एकदा उठली की ती परत कशी आणायची, हा प्रश्न जगातल्या पुष्कळ शहरांना पडला आहे.

सभेत कोणीतरी हताशपणे म्हणाले की गेलेली माणसे काही परत येत नसतात. मला तेव्हाच माझे आजोळ आठवले. माझे आजोळ पुण्याच्या कसबा पेठेतले. ज्या गल्लीत मी सुट्ट्या घालवल्या, ती सारी वस्ती एकदा मुळापासून उखडली गेली होती आणि पुन्हा बसवली गेली होती. बसवणारी व्यक्ती आपल्या सर्वांच्या देव्हाऱ्यात आहे. राजमाता जिजाऊसाहेब. आपण त्यांना शिवरायांची आई म्हणून वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण एक उजाड गाव माणसांनी भरून दाखवणारी कर्ती बाई म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगावे असे वाटले.

जिजाऊसाहेबांचा जन्म १५९८ साली, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड येथे झाला. वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. सिंदखेडचे जाधव आपले कुळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत असत. लहान वयातच त्यांचे लग्न वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे चिरंजीव शहाजीराजे यांच्याशी झाले. माहेर आणि सासर दोन्ही तलवारीची घराणी; पण ती तलवार कधी निजामशहासाठी, कधी आदिलशहासाठी, कधी मोगलांसाठी चालायची. माणसे मरायची आपली आणि राज्य वाढायचे दुसऱ्याचे. त्यातच जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत वैर पेटले. निजामशाही दरबारातून निघताना एक हत्ती बिथरला, त्यावरून हाणामारी झाली, तीत जिजाऊंचा एक भाऊ आणि एक चुलत दीर मारले गेले, अशी कथा बखरींत आहे. मुलगी म्हणून रडायचे की सून म्हणून, असा तो प्रसंग.

पुढे १६२९ च्या जुलै महिन्यात देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारात निजामशहाने लखुजी जाधवरावांचा घात केला. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन मुलगे आणि एक नातूही मारला गेला. जिजाऊसाहेब तेव्हा गरोदर होत्या. शहाजीराजे मोहिमांवर. सुरक्षित जागा म्हणून त्यांना शिवनेरीवर ठेवले होते आणि तिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवबांचा जन्म झाला.

पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजांपासून भोसल्यांकडे जहागीर म्हणून चालत आले होते. पुणे तेव्हा शहर नव्हते. मुठेच्या काठचा एक कसबा होता. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण. आठवड्याचा बाजार तिथे, देशमुख-देशपांड्यांची दप्तरे तिथे, कोष्टी, तेली, कुंभार, सोनार तिथे. आजूबाजूच्या गावांचे सगळे व्यवहार या एका ठिकाणी येऊन मिळायचे. आजच्या भाषेत तो त्या मुलुखाचा मध्यभाग.

या मध्यभागावर १६३० च्या सुमारास घाव पडला. शहाजीराजांनी आदिलशाहीविरुद्ध हालचाल केली, त्याचा सूड म्हणून आदिलशाही सरदार मुरार जगदेव पुण्यावर चालून आला. घरे जाळली, कोट पाडला. बखरी सांगतात की त्याने गावातून गाढवाचा नांगर फिरवला, भर वस्तीत लोखंडी पहार ठोकली आणि तीवर तुटकी वहाण टांगली. आपल्याकडे गाढवाचा नांगर फिरवणे ही शिवी आहे, शाप आहे. पुन्हा इथे दिवा लागू नये, चूल पेटू नये, असा त्याचा अर्थ. घर जळाले तर माणूस पुन्हा बांधतो. पण जागाच शापित आहे असे मनात बसले तर त्या जागेकडे कोणी पाय वळवत नाही.

त्यातच दुष्काळ. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो दुष्काळ पडला, त्याची भीषणता सांगायला एकच गोष्ट पुरे. पुण्यापासून फार लांब नसलेल्या देहू गावी तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली. माणसे परागंदा झाली. शेते पडीक पडली, त्यांत रान माजले, रानात लांडगे आले. मराठीत गावाचे दोन भाग मानतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे राहती जमीन, काळी म्हणजे कसती जमीन. पुण्याची पांढरी राखेची झाली होती आणि काळी जंगलाची.

हे सारे होत असताना जिजाऊसाहेबांची स्वतःची स्थिती काय होती? सहा वर्षे एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर. शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका लहान वारसाला गादीवर बसवून राज्य सावरायचा प्रयत्न केला. तो मोडायला खुद्द शहाजहान बादशहा १६३६ साली दक्षिणेत उतरला. मोगल आणि आदिलशहा एक झाले आणि त्याच वर्षी माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना तह करावा लागला. निजामशाही संपली. राजे आदिलशाहीच्या चाकरीत दूर कर्नाटकात गेले. पुणे-सुप्याची जहागीर मात्र त्यांच्याकडे राहिली. ती सांभाळायला जिजाऊसाहेब आणि सहा-सात वर्षांचे शिवबा पुण्याला आले.

इथे क्षणभर थांबून विचार करावा असे मला वाटते. त्यांना दुसरीकडे राहता आले नसते का? शिवनेरी नसली तरी एखादा गड, एखादे सुखरूप गाव पाहून तिथे राहायचे आणि कारभारी पाठवून जहागिरीचा वसूल मागवायचा, ही त्या काळच्या सरदारांची नेहमीची पद्धत होती. कितीतरी जहागीरदारांनी आपली जहागीर आयुष्यात धड पाहिलीही नसेल. जिजाऊसाहेबांनी मात्र जिथे पहार ठोकली होती, तिथेच मुक्काम केला. राहायला वाडा नव्हता म्हणून प्रथम पाटलांच्या वाड्यात उतरल्या असे सांगतात आणि मग कसब्यातच लाल महाल बांधायला घेतला. एकुलते एक जवळ असलेले मूल घेऊन आई शापित गावात राहायला येते, ही बातमी मावळच्या खोऱ्यांत किती वेगाने पसरली असेल! दवंडी पिटून जे झाले नसते ते या एका गोष्टीने झाले असणार. धनीणच येऊन राहिली आहे, मग आपल्याला कसले भय?

शापाचे उत्तर त्यांनी शापाच्याच भाषेत दिले. ज्या भूमीवर गाढवाचा नांगर फिरला होता, तिच्यावर सोन्याचा फाळ लावलेला नांगर बाल शिवबांच्या हातून फिरवला, अशी परंपरा आहे. आजच्या काही लोकांना हा नुसता देखावा वाटेल. मला तसे वाटत नाही. लोकांच्या मनातली भीती खरी होती. तिच्यावर तर्काने उपाय झाला नसता. पहार उपटली, नांगर फिरला, तेव्हा गावाने मोकळा श्वास घेतला.

आणि मग आपला बाप्पा. कसब्यात ठकारांच्या घराजवळ गणपतीची एक स्वयंभू मूर्ती होती. शेंदूर चढवलेला तांदळा, म्हणजे घडवलेले हातपाय नसलेली पाषाणमूर्ती. जिजाऊसाहेबांनी तिच्यासाठी मंदिर बांधले. साल साधारण १६३९ सांगतात. हाच तो कसबा गणपती, पुण्याचे ग्रामदैवत. पुढे अडीच शतकांनी लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक उत्सव सुरू झाला आणि विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याच गणपतीला मिळाला. तेव्हा आपण दिल्लीत बसून जो उत्सव करतो, त्याचा एक धागा त्या ओसाड कसब्यात लावलेल्या दिव्यापर्यंत जातो. देऊळ झाले म्हणजे पुजारी आला, गुरव आला, फुलांचा माळी आला, तेलासाठी तेली आला. शिवाय संध्याकाळी चार माणसे एकत्र बसायला जागा झाली.

पण नुसत्या देवळाने आणि नांगराने पोट भरत नाही. खरे काम त्यापुढचे. शहाजीराजांचे कारभारी म्हणून दादोजी कोंडदेव त्या वेळी या भागाचे काम पाहत होते. कोणत्या कामाचे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादात शिरण्याची ही जागा नाही. जिजाऊसाहेबांच्या नजरेसमोर आणि त्यांच्या वास्तव्यामुळे हे काम झाले, एवढे आपल्याला पुरे आहे.

पहिले काम सुरक्षेचे. लांडगे आणि इतर जनावरे मारून आणणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. त्यामुळे रानातली वाट मोकळी झाली आणि डोंगरातल्या मावळ्यांना रोख कमाईही झाली. वाटमारी करणाऱ्यांचा बंदोबस्त झाला.

दुसरे काम साऱ्याचे. परागंदा झालेल्या कुळांना कौल देऊन बोलावले. कौल म्हणजे सरकारचे लेखी अभयवचन. जमीन इस्ताव्याने लावली. हा शब्द आता विसरला गेला आहे, पण फार शहाणपणाचा आहे. पडीक जमीन तोडून लागवडीला आणायची तर पहिल्या वर्षी हाती काही लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे करत काही वर्षांनी पूर्ण आकार. मलिक अंबरने निजामशाहीत जमिनीच्या मोजणीची आणि साऱ्याची जी पद्धत बसवली होती, तिचाच आधार इथे घेतला गेला. आपल्याकडे आज एखादी कॉलनी वसवताना पहिल्या दिवशीच सगळे शुल्क भरून घेतात आणि पाणी तिसऱ्या वर्षी येते. इथे उलट होते. आधी माणूस उभा राहू दे, मग तो देईल.

तिसरे काम पाण्याचे. पर्वतीच्या बाजूने येणारा आंबिल ओढा तेव्हा वस्तीजवळून वाहायचा आणि पावसाळ्यात घरात शिरायचा. त्याला बांध घालून कसब्याचे रक्षण केले असे सांगतात. पुढे पेशवाईत तो ओढाच वळवण्यात आला. पुण्याजवळ खेड-शिवापूरला आमराई लावली गेली. झाड लावणे म्हणजे इथे वीस वर्षे राहण्याचा इरादा जाहीर करणे. लोक हे बरोबर ओळखतात.

चौथे काम न्यायाचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. गाव उठते तेव्हा वतनाचे, शिवेचे, घराच्या जागेचे सगळे पुरावे विस्कटतात. परत आलेल्या माणसाला आपल्या जागेत दुसराच राहताना दिसतो. असे तंटे मिटवले नाहीत तर परत येणारी माणसे एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालतात. जिजाऊसाहेब स्वतः असे निवाडे करीत. वतनाच्या तंट्यांसंबंधी त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. पडद्यामागून नव्हे, आपल्या नावाने आणि अधिकाराने. त्याच परिसरातल्या रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतल्याचे १६४६ सालचे शिवाजी महाराजांच्या मुद्रेचे पत्र प्रसिद्धच आहे. महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते. शिक्षा आजच्या दृष्टीने क्रूर आहे. पण पाटील झाला तरी सुटत नाही, हे ऐकून किती घरांनी लेकी-सुनांसह या मुलुखात राहायचे ठरवले असेल याचा विचार करावा. हा संस्कार लाल महालातला.

असे हळूहळू गाव भरले. शेतकरी आला म्हणून सुतार-लोहार आले, ते आले म्हणून बाजार भरला, बाजार भरला म्हणून वाणी-उदमी आले. शिवबांचे सईबाईंशी लग्न १६४० साली पुण्यातच झाले. दहा वर्षांपूर्वी जिथे चूल पेटणार नाही असा शाप दिला होता, तिथे राजघराण्याच्या लग्नाच्या पंगती उठल्या. त्यानंतर मायलेक काही काळ शहाजीराजांकडे बंगळूरला राहून आले. परत आल्यावर मावळातल्या पोरांना घेऊन शिवबांनी जे उभे केले ते आपण सर्व जाणतोच.

इथे दिल्लीकर म्हणून मला एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. कसबा गणपतीचे मंदिर ज्या १६३९ सालचे मानतात, त्याच वर्षी इकडे यमुनेच्या काठी लाल किल्ल्याचा पाया घातला गेला आणि शहाजहानाबाद वसवायला सुरुवात झाली. शहाजीराजांचा डाव मोडणारा हाच बादशहा. त्याच्याकडे साऱ्या हिंदुस्थानचा खजिना होता. नऊ वर्षांत किल्ला झाला, कालव्याचे पाणी आले, आणि १६५० मध्ये त्याची मुलगी जहाँआरा हिने चांदनी चौक आणि मोठी सराई उभारली. तिथेही बाजार, पाणी आणि मुक्कामाची सोय या गोष्टींकडे लक्ष देणारी एक स्त्रीच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्यामागे बादशाही खजिना होता; जिजाऊसाहेबांच्या पदरी होती एक जळालेली जहागीर.

आणि दिल्लीचा दुसरा धडा त्याच्या उलट आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीकरांना हुकूम करून दौलताबादेला नेले. रस्ते केले, राहण्याची सोय केली, तरी ते गाव त्यांचे झाले नाही आणि काही वर्षांनी लोकांना परतीची परवानगी द्यावी लागली. हुकमाने माणसे हलवता येतात, वसवता येत नाहीत. ज्या दौलताबादेत तो खेळ फसला, तिथेच तीनशे वर्षांनी जिजाऊसाहेबांच्या वडिलांचा घात झाला. आणि त्याच बाईने पुण्यात दाखवून दिले की हुकूम न करता गाव कसे भरते.

पुढचे चरित्र आपल्या सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. १६५९ मध्ये अफझलखानाचे संकट आले. १६६० मध्ये शायिस्ताखानाने पुणे घेतले आणि जिजाऊसाहेबांच्या लाल महालात तळ ठोकला. घडवलेले घर डोळ्यांदेखत शत्रूच्या हाती गेले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी त्याच महालात शिरून खानाची बोटे तोडली. ज्या घरात बालपण गेले त्याची प्रत्येक खिडकी त्यांना ठाऊक होती! १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे गेले. जिजाऊसाहेब सती जायला निघाल्या होत्या. महाराजांनी विनवून त्यांना थांबवले.

थांबवले ते किती योग्य होते हे दोनच वर्षांत दिसले. १६६६ च्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले. आपण यमुना एक्स्प्रेसवेने तीन तासांत जातो तेच आग्रा. मे महिन्यात ते तिथे पोचले, कैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये निसटले. या साऱ्या महिन्यांत मागे स्वराज्याचा कारभार जिजाऊसाहेबांच्या नजरेखाली होता. वय अडुसष्ट. मुलगा आणि नातू शत्रूच्या पहाऱ्यात. तरी घडी विस्कटली नाही. पुण्यात तीस वर्षांपूर्वी लावलेल्या सवयीचे हे फळ होते. पुढे ६ जून १६७४ रोजी रायगडावर त्यांनी मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, गडाच्या पायथ्याशी पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. गडावरचा गार वारा सोसत नाही म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी तो वाडा बांधला होता. समाधीही तिथेच आहे. रायगडावर जाताना रोपवेची घाई न करता तिथे पाच मिनिटे थांबावे, अशी सर्वांना विनंती.

कसबा मात्र राहिला. औरंगजेबाच्या स्वाऱ्या झाल्या, पेशवे आले, कसब्याभोवती एकेक पेठ उभी राहिली, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाचे पाणी आणले. कसब्यातच तांबट आळी, बुरुड आळी, कुंभारवाडा अशा आळ्या नांदल्या. माझ्या लहानपणी पहाटे तांबट आळीतल्या ठोक्यांनी जाग यायची. जुना लाल महाल काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज दिसतो तो विसाव्या शतकात महापालिकेने बांधलेला. वाडा पडला, वस्ती टिकली. मला वाटते, जिजाऊसाहेबांना हेच आवडले असते.

आता पुन्हा आपल्या सभेकडे वळतो. त्या दिवशी मी काही बोललो नाही, कारण माझेही मन दोन्हीकडे होते. मी स्वतः नोएडात राहतो. दीड तासाचा कंटाळा मलाही येतो. आणि जिजाऊसाहेबांचे नाव घेऊन मध्य दिल्लीत मराठी वस्ती पुन्हा बसवू, असा भाबडेपणाही माझ्यात नाही. जुनी क्वार्टर्स गेली, जागेचे भाव आपल्या आवाक्यात नाहीत. पण आपण चर्चा कशाची केली? हॉलचे भाडे, पार्किंग, ध्वनिक्षेपक. लोक का येत नाहीत, हे आपण विचारले. आपल्यापैकी कोण तिथे राहून त्यांची वाट पाहतो, हे विचारले नाही. संध्याकाळी सातच्या आरतीला कार्यकारिणीचे सभासदच आठला पोचतात. लहान मुलांना करायला काही नाही, वयस्कर मंडळींना बसायला धड जागा नाही, लांबून आलेल्याला रात्री मुक्काम करायचा तर सोय नाही. आणि वर्गणी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण. इस्तावा नाही, कौलही नाही!

म्हणून यंदा माझ्यापुरते एक ठरवले आहे. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मी आणि आमच्या सौभाग्यवती मंडपाजवळच खोली घेऊन राहणार आहोत. सकाळी सहाला मंडप उघडा असेल, चहा तयार असेल, आणि ज्यांना रात्री परत जायचा कंटाळा येईल अशा दोघा-चौघांची झोपायची सोय होईल. शेजारच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मराठी मुला-मुलींना पहिल्या वर्षी वर्गणी मागू नये, दुपारच्या जेवणाला मात्र जरूर बोलवावे, अशी कार्यकारिणीला विनंती केली आहे. कदाचित चार माणसे येतील, कदाचित चाळीस. जागा बदलायची की नाही हे पुढच्या सभेत ठरवू. पण त्याआधी एकदा तिथे राहून तर पाहू.

कसब्यात पहिल्या संध्याकाळी गणपतीपुढे दिवा लागला तेव्हा तिथे किती माणसे होती, याची नोंद कुठेच नाही. फार नसावीत. दिवा लावणारी मात्र तिथेच राहायला आलेली होती.

गणपती बाप्पा मोरया!